दोन टी-१ आणि एक सातबारा

पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातल्या गावाचे नाव २०१८ साली देशभरच्या वर्तमानपत्रांत पोचले ते एका वाघिणीमुळे. वनखात्याच्या कागदांत ती टी-१ होती, प्राणिप्रेमींनी तिला अवनी म्हटले. पांढरकवडा वनविभागातल्या जंगलालगतच्या गावांत २०१६ पासून झालेल्या तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचे नाव जोडले गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला ठार मारण्याची मुभा देणाऱ्या वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या परिसरात ती गोळीला बळी पडली. मागे तिचे दोन बछडे उरले. कागदोपत्री ते सी-१ आणि सी-२.

त्याच काळात, त्याच भागात, आणखी एक टी-१ होती. पांढरकवडा (केळापूर) आणि घाटंजी तालुक्यांच्या सीमेवर १४८.६३ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर अभयारण्य आहे. तिथल्या टी-१ वाघिणीला २०१६ च्या अखेरीस तीन नर बछडे झाले: सी-१, सी-२ आणि सी-३. त्यांतल्या सी-१ ला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडले. विदर्भ, तेलंगण आणि मराठवाड्यातली शेते, ओढे आणि रस्ते पार करत डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर तेराशे किलोमीटरहून जास्त चाल झाली होती. ‘वॉकर’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला.

आता कोणी नोंद केली की ‘टी-१ चा सी-१ हा बछडा २०१९ मध्ये जंगल सोडून गेला’, तर हा बछडा कोणाचा? अवनीचा की टिपेश्वरच्या वाघिणीचा? पांढरकवड्याच्या वनरक्षकाला हा प्रश्न पडणार नाही. तो कोणत्या कचेरीत बसून लिहितो हे त्याला ठाऊक असते. पण तीच नोंद नागपूरला गेली, तिथून देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत गेली, तिथल्या संगणकात इतर शेकडो वाघांच्या नोंदींत मिसळली, की लिहिणाऱ्याच्या डोक्यातला संदर्भ मागेच राहतो. आणि गंमत अशी की इथे ‘पांढरकवडा विभाग’ एवढे जोडूनही भागत नाही. या गावाच्या नावाचे विभागच दोन: एक प्रादेशिक वनविभाग आणि दुसरा टिपेश्वर सांभाळणारा वन्यजीव विभाग.

संशोधकांनी वॉकरची नोंद ‘टीडब्ल्यूएलएस-टी१-सी१’ अशी केली. पहिली चार अक्षरे म्हणजे टिपेश्वर वन्यजीव अभयारण्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. या चार अक्षरांनी दोन वाघिणींची कुटुंबे वेगळी ठेवली. कोणत्या वस्तूला काय ओळख द्यावी आणि दुसरीकडून तिचा उल्लेख कसा करावा, हा वरवर कारकुनी वाटणारा प्रश्न आहे. संगणकीय माहितीच्या रचनेत मात्र त्याच्याइतके नुकसान करणारे प्रश्न थोडेच असतील.

एक्सएमएल ही माहिती लिहून ठेवण्याची एक पद्धत आहे. १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ती प्रमाण म्हणून जाहीर केली. तिच्यात प्रत्येक माहितीला नावाची खूण लावतात आणि खुणांच्या आत खुणा बसतात. त्यामुळे फाइल माणसालाही वाचता येते आणि यंत्रालाही. या खुणांची नावे देवनागरीत लिहायलाही पहिल्या दिवसापासून मुभा आहे, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असते. टिपेश्वरच्या वाघांची नोंद अशी लिहिता येईल:

<वाघ आयडी="टिपे.टी१" लिंग="मादी"/>
<वाघ आयडी="टिपे.टी१.सी१" लिंग="नर" आई="टिपे.टी१"/>

पहिल्या ओळीतला ‘आयडी’ ही ओळख. दुसऱ्या ओळीतला ‘आई’ हा संदर्भ. तो स्वतः काही सांगत नाही, दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवतो. ओळख आणि संदर्भ ही जोडी एक्सएमएलला त्याच्या पूर्वजाकडून, १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या एसजीएमएलकडून मिळाली. नियम थोडके आहेत. ओळख म्हणून जाहीर केलेले मूल्य त्या फाइलीत एकदाच यावे. त्यात मोकळी जागा नसावी. त्याची सुरुवात आकड्याने होऊ नये. आणि संदर्भ म्हणून जे लिहिले असेल, त्या ओळखीची नोंद फाइलीत कुठेतरी असलीच पाहिजे.

‘फाइलीत एकदाच’ हा नियम फार जणांना उशिरा उमगतो. एकाच फाइलीत वाघ असतील, कॅमेरे असतील, गावे असतील, तर त्या सगळ्यांच्या ओळखी एकाच पिशवीत पडतात. वाघाला टी१ म्हटले आणि टेहळणीच्या मचाणालाही टी१ म्हटले, तर फाइल अवैध ठरते. म्हणून जाणकार रचनाकार ओळखीला वस्तूच्या प्रकाराचा आणि उगमाचा उपसर्ग लावतात: ‘वाघ.टिपे.टी१’, ‘मचाण.टिपे.टी१’. सरकारी संकेतांक बऱ्याचदा नुसत्या आकड्यांचे असतात, त्यामुळेही उपसर्ग लागतोच. पांढरकवड्याचा पिनकोड ४४५३०२ आहे. तो इंग्रजी आकड्यांत जसाच्या तसा ओळख म्हणून चालत नाही, ‘पिन.४४५३०२’ असा चालतो.

वाघांपेक्षा हा विषय जास्त मुरलेला सापडतो तो सातबाऱ्यात. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या हातातला हा कागद दोन गाव नमुन्यांचा बनलेला आहे. सात नंबरचा नमुना हक्काचा, बारा नंबरचा पिकांचा. त्यावर भूमापन किंवा गट क्रमांक असतो. ती शेताची ओळख. भोगवटादाराच्या नावाजवळ खाते क्रमांक असतो. तो आठ-अ या नमुन्याकडे नेतो, जिथे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. आणि नावांशेजारी फेरफार क्रमांक लिहिलेले असतात. हे नाव सातबाऱ्यावर कसे आले, खरेदीने की वारसाने की वाटणीने, हे पाहायचे तर सहा नंबरच्या नमुन्यात, म्हणजे फेरफार नोंदवहीत, त्या क्रमांकाची नोंद काढावी लागते. सातबारा सगळे स्वतः सांगत बसत नाही. तो योग्य ठिकाणी योग्य संदर्भ देतो.

संगणक येण्याच्या कितीतरी आधी पटवाऱ्यांनी ही रचना चालवली. तिच्यातला एक गुण आजच्या सॉफ्टवेअर अभियंत्यांनी जरूर उचलावा. फेरफार क्रमांक स्वतः मुका असतो. फेरफार २१४ म्हणजे खरेदी आणि २१५ म्हणजे वारस, असा काही अर्थ आकड्यात भरलेला नसतो. नोंद ज्या क्रमाने आली तो क्रमांक तिला मिळाला, इतकेच. त्यामुळे तो बदलण्याची वेळ कधी येत नाही.

गट क्रमांकाचे तसे नाही. एका शेताच्या वाटण्या झाल्या की ४५ चे ४५/१ आणि ४५/२ होतात, पुढच्या पिढीत ४५/१/अ आणि ४५/१/ब. आकड्यात कुळाचा इतिहास साठत जातो. वाचणाऱ्याला ते सोयीचे असते, कारण हे तुकडे कोणत्या मूळ शेताचे हे लगेच कळते. यंत्राला मात्र दोन अडचणी येतात. तिरकी रेघ एक्सएमएलच्या ओळखीत चालत नाही. आणि वाटणीनंतर ज्या जुन्या कागदांत ‘गट ४५’ असा उल्लेख आहे, ते आता नेमके कोणाकडे बोट दाखवतात हे संदिग्ध होते. बँकेचे कर्जखत असो, पीकविम्याचा अर्ज असो की न्यायालयातला दावा असो, ही संदिग्धता शेतकऱ्यालाच भोवते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गट क्रमांक गावापुरताच खरा असतो. पाटणबोरीत गट ४५ असू शकतो आणि रुंझ्यातही. विदर्भातल्या दस्तऐवजांत ‘मौजा अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक’ एवढे सगळे लिहिल्याखेरीज शेताचा उल्लेख पुरा होत नाही, तो याचसाठी. गावाचे नाव एकटे पुरत नाही. केळापूर तालुक्यात करंजी आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यातही करंजी आहे.

एक्सएमएलच्या पहिल्या आवृत्तीला ही गावापुरती ओळख सांगता येत नव्हती. तिथे एकच फाइल आणि एकच पिशवी. २ मे २००१ रोजी एक्सएमएल स्कीमा हे फाइलींचे नियम लिहिण्याचे प्रमाण आले आणि त्याने ‘की’ आणि ‘कीरेफ’ अशी नवी जोडी आणली. तिच्यात रचनाकार सांगू शकतो की ‘शेत’ या नोंदीची ओळख गाव आणि गट या दोन रकान्यांनी मिळून होते, किंवा गट क्रमांक प्रत्येक ‘गाव’ या खुणेच्या आतच अनन्य असावा. मौजा आणि गट एकत्र लिहिणाऱ्या पटवाऱ्याने जे केले, तेच इथे नियमात बसवले आहे. शिवाय या मूल्यांवर मोकळी जागा, सुरुवातीचा आकडा किंवा तिरकी रेघ यांची बंधने नाहीत. ४५/१/अ जसेच्या तसे लिहिता येते.

या नव्या जोडीने आणखी एक भोक बुजवले. जुन्या पद्धतीत संदर्भ तपासताना एवढेच पाहिले जायचे की त्या ओळखीची कोणतीतरी नोंद आहे. ‘आई’ या रकान्यात चुकून मचाणाची ओळख पडली, तरी यंत्र समाधानी. मचाण हे बछड्याची आई होऊ शकत नाही, हे त्याला सांगण्याची सोय नव्हती. ‘कीरेफ’ मध्ये सांगता येते: आईचा शोध फक्त वाघांच्या यादीत घ्यायचा.

इथून नावांचा मुद्दा येतो. संदर्भाच्या रकान्याला काय म्हणावे? बऱ्याच रचनाकारांची पहिली प्रतिक्रिया असते ‘वाघ-संदर्भ’, कारण तो वाघाकडे जातो. हे नाव दुबळे आहे. एका बछड्याच्या नोंदीत आईचा संदर्भ येईल, बापाचा येईल, ज्याच्याशी झुंज झाली त्या वाघाचाही येईल. तिघेही वाघच. नावाने नाते सांगितले पाहिजे: ‘आई’, ‘बाप’, ‘प्रतिस्पर्धी’. तो कोणत्या प्रकारच्या नोंदीकडे जातो हे स्कीमाच्या नियमात लिहिलेले असते, नावात पुन्हा लिहायची गरज नाही. ओळखीचे मूल्य जितके मुके तितके चांगले आणि संदर्भाच्या रकान्याचे नाव जितके बोलके तितके चांगले, हा या प्रकरणाचा मुख्य आग्रह आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा याच्या उलट घडते. ओळखीच्या आकड्यांत जिल्हा, वर्ष, प्रकार असे सगळे कोंबलेले असते आणि संदर्भाला नाव असते नुसते ‘रेफ’ किंवा ‘कोड’.

जगभरच्या मोठ्या रचनांनी आपापले संकेत ठरवले आहेत. कंपन्यांचे ताळेबंद ज्या एक्सबीआरएल पद्धतीत सादर होतात ती एक्सएमएलचीच एक शाखा. भारतात कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०११ पासून ठरावीक कंपन्यांना ती सक्तीची केली. तिथे प्रत्येक रकमेला ‘कॉन्टेक्स्टरेफ’ आणि ‘युनिटरेफ’ असे दोन संदर्भ जोडतात. पहिला सांगतो की रक्कम कोणत्या कंपनीची, कोणत्या वर्षाची. दुसरा सांगतो की ती कोणत्या चलनात. नावाच्या शेवटी ‘रेफ’ दिसला की हा संदर्भ आहे हे कळते आणि आधीच्या शब्दावरून तो कशाचा हेही कळते. अमेरिकेतल्या सरकारी खात्यांनी आपसांत माहिती देण्यासाठी २००५ पासून उभारलेल्या नीममध्ये ‘आयडी’ आणि ‘रेफ’ ही दोन नावे सर्वत्र एकसारखी ठेवली आहेत. नाते सांगण्याचे काम ज्या खुणेवर ‘रेफ’ बसतो तिच्या नावाकडे दिले आहे. व्यापारी कागदपत्रांसाठीच्या यूबीएलने, जे २०१५ मध्ये आयएसओचे मानक झाले, आणखी पुढे जाऊन ओळखीलाच जोडपत्र दिले. ओळखीच्या मूल्यासोबत ती कोणत्या यादीतली आणि ती यादी कोणत्या संस्थेची, हे वेगळ्या रकान्यांत लिहिता येते. ‘टी-१, टिपेश्वरच्या यादीतली’ म्हणण्यासारखेच हे आहे.

नावांच्या टकरीवर एक्सएमएलचा स्वतःचा उपाय १४ जानेवारी १९९९ ला आला. त्याला नेमस्पेस म्हणतात. दोन खात्यांनी ‘विभाग’ हेच नाव वापरले, तर प्रत्येकाच्या नावामागे त्या खात्याचा वेबपत्त्यासारखा एक अनन्य धागा जोडता येतो. पण तो खुणांच्या नावांना लागू पडतो, आतल्या ओळखींना नाही. टी१ ला टी१ पासून वेगळे करण्याचे काम रचनाकारालाच करावे लागते. नेमस्पेस वापरला म्हणजे ओळखींची काळजी मिटली, असे समजून कित्येक रचना फसतात.

घराघरांत पोचलेली एक्सएमएल फाइल शोधायची तर आधारची आहे. यूआयडीएआयच्या ‘ऑफलाइन पेपरलेस ई-केवायसी’ सेवेतून कोणीही आपली ओळख परवलीच्या शब्दाने बंद केलेल्या झिप फाइलीत उतरवून घेऊ शकतो. आत एक स्वाक्षरीबद्ध एक्सएमएल असते. त्यात आधार क्रमांक पूर्ण येत नाही. त्याऐवजी ‘रेफरन्सआयडी’ असतो: आधारचे शेवटचे चार आकडे आणि फाइल कधी तयार झाली ती तारीख-वेळ. विचार चांगला आहे, कारण खरी ओळख बाहेर जात नाही. नाव मात्र गोंधळात टाकते. ‘रेफरन्स’ म्हटल्यावर वाचणारा समजतो की हा कशाचा तरी संदर्भ आहे. खरे तर ती त्या एका फाइलीची ओळख आहे. त्याच माणसाने उद्या पुन्हा फाइल घेतली की हे मूल्य बदलते. एखाद्या संस्थेने ते माणसाची कायमची ओळख म्हणून आपल्या नोंदवहीत साठवले, तर तोच माणूस दोनदा नोंदला जाईल.

याच फाइलीत पत्ता असतो आणि तो संकेतांकांनी नाही, शब्दांनी लिहिलेला असतो. गाव-शहराचा रकाना, उपजिल्ह्याचा, जिल्ह्याचा, पिनकोडचा. पांढरकवड्याच्या बाबतीत हे शब्द कसोटी पाहतात. शहर पांढरकवडा, तालुका अधिकृतपणे केळापूर. केळापूर हे जगदंबेच्या देवळाचे, जवळच हमरस्त्यावर असलेले वेगळे गाव. तहसील कार्यालय पांढरकवड्यात, म्हणून बोलताना सगळे ‘पांढरकवडा तालुका’ म्हणतात. रोमन लिपीत शहराचे नाव कोणी ‘कवडा’ वळणाने लिहितो, कोणी ‘कवाडा’ वळणाने, आणि जनगणनेच्या पुस्तकात त्याचे ‘पांढरकाओडा’ असे रूप दिसते. नावाने दोन याद्या जुळवायला गेले की एकाच गावाची तीन गावे होतात. म्हणून गावाचे नाव हे वर्णन म्हणून ठेवावे, ओळख म्हणून नाही. ओळखीसाठी संकेतांक हवा आणि तो केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेसारख्या एका सांभाळलेल्या यादीतला हवा.

पण संकेतांकही बदलतात. २००१ च्या जनगणनेत प्रत्येक राज्याचे जिल्हे एकपासून मोजले होते आणि यवतमाळ महाराष्ट्रातला चौदावा होता. चौदा क्रमांकाचा जिल्हा दुसऱ्या राज्यांतही होताच. २०११ मध्ये देशातल्या ६४० जिल्ह्यांना सलग क्रमांक दिले आणि यवतमाळ ५१० झाला. दुसरी पद्धत निःसंशय सरस आहे. तरीही २००१ ची आणि २०११ ची आकडेवारी शेजारी ठेवणाऱ्या अभ्यासकाला दोन्हींची सांगड घालणारा तक्ता लागतोच. फाइलीत नुसते ‘जिल्हा=१४’ लिहिलेले असेल आणि ते कोणत्या वर्षाच्या यादीतले हे लिहिलेले नसेल, तर ती फाइल काही वर्षांनी वाचता येते, पण तिच्यावर विसंबता येत नाही.

त्याहून घातक म्हणजे निवृत्त झालेला क्रमांक दुसऱ्याला देणे. नागपूरहून पांढरकवड्यावरून आदिलाबाद आणि हैदराबादकडे जाणारा रस्ता पिढ्यान्‌पिढ्या राष्ट्रीय महामार्ग सात होता. २०१० च्या फेररचनेत तो महामार्ग ४४ झाला, श्रीनगर ते कन्याकुमारी या लांबलचक वाटेचा भाग. सात हा क्रमांक मोकळा राहिला नाही. तो पंजाबातल्या फाजिल्कापासून उत्तराखंडातल्या माणापर्यंत जाणाऱ्या रस्त्याला मिळाला. आणि ४४ हाही कोरा नव्हता, पूर्वी तो शिलाँगहून त्रिपुरातल्या साब्रूमकडे जाणाऱ्या रस्त्याचा क्रमांक होता. जुन्या फाइलीत ‘रस्ता: एनएच-७, ठिकाण: करंजी’ असा संदर्भ असेल, तर तो आज तुटलेला दिसत नाही. तो व्यवस्थित जुळतो, फक्त चुकीच्या रस्त्याशी. तुटलेला संदर्भ यंत्र पकडते. चुकीच्या जागी जुळलेला कोणीच पकडत नाही. एकदा दिलेली ओळख, ती वस्तू नाहीशी झाली तरी, दुसऱ्या वस्तूला देऊ नये, हा नियम म्हणूनच कुठल्याही नामकरणाच्या संकेतात अगदी वरती असायला हवा.

ओळखीत पदरचना भरण्याचा मोहही पांढरकवड्यात फसतो. ‘राज्य-जिल्हा-मतदारसंघ-गाव’ असा लांब संकेतांक बनवला तर? केळापूर तालुका यवतमाळ जिल्ह्यात आहे. २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत त्याच्या नावाचा केळापूर विधानसभा मतदारसंघ होता, त्यानंतर हा भाग आर्णी मतदारसंघात गेला. आणि आर्णी हा चंद्रपूर लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. महसुलाची उतरंड एकीकडे जाते, निवडणुकीची दुसरीकडे, वनखात्याची तिसरीकडे. बोराटी राळेगाव तालुक्यात आहे, पण वनविभाग पांढरकवडा. अशा गावाची ओळख एकाच उतरंडीत ओवली की बाकीच्या दोन खात्यांना ती परकी वाटते आणि एक पुनर्रचना झाली की सगळे संकेतांक खोटे पडतात. गावाला एक साधा स्थिर क्रमांक द्यावा आणि तालुका, मतदारसंघ, वनविभाग हे तीन वेगळे संदर्भ म्हणून लिहावेत. मग पुनर्रचनेत एक संदर्भ बदलतो, ओळख तशीच राहते.

वाघांच्या संकेतांकातही हाच दोष आहे. ‘टी१-सी१’ मध्ये आई भरलेली आहे. बछडा लहान असताना हे उपयोगी पडते. तो दोनेक वर्षांत स्वतंत्र होतो, दुसऱ्या जंगलात जातो, तिथले लोक त्याला आपल्या यादीतला क्रमांक देतात. अवनीच्या मादी बछड्याला २२ डिसेंबर २०१८ ला पकडून पेंचमध्ये नेले. तिथे ती पीटीआरएफ-८४ झाली. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडले आणि काही दिवसांतच तिथल्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत जखमी होऊन ती दगावली. एकाच प्राण्याच्या पकडल्याच्या, वाढवल्याच्या आणि मेल्याच्या नोंदी दोन नावांनी आहेत. त्या जोडून वाचता येतात, कारण कोणीतरी दोन्ही नावे एकत्र लिहून ठेवली. चांगल्या रचनेत ही जोडणी माणसाच्या आठवणीवर सोडत नाहीत. ‘पूर्वीची-ओळख’ असा एक रकाना ठेवतात. वाघांना सुदैवाने निसर्गाने दिलेली एक ओळख असतेच: पट्ट्यांची नक्षी. दोन वाघांची सारखी नसते, म्हणून कॅमेऱ्यातल्या छायाचित्रांवरून देशभरच्या वाघांची पडताळणी होऊ शकते.

आता देवनागरीकडे. मराठीत खुणांची नावे ठेवावीत का, यावर या पुस्तकाचे मत स्पष्ट आहे. जी माहिती मराठी माणसे भरणार, तपासणार आणि वाचणार आहेत, तिच्या खुणा मराठीत असाव्यात. फक्त त्यासाठी काही बाबी आधी ठरवाव्या लागतात.

रोमन लिपीत रचनाकार मोठ्या-छोट्या अक्षरांच्या खेळावर संकेत बांधतात. खुणेचे नाव मोठ्या अक्षराने सुरू, रकान्याचे छोट्याने. देवनागरीत हा भेदच नाही, म्हणून जोडरेघ आणि बिंदू यांवर भिस्त ठेवावी लागते: ‘आई-वाघ’, ‘वाघ.टिपे.टी१’. आकड्यांचा नियमही इथे वेगळा वळतो. एक्सएमएलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी अंकानेही नाव सुरू करता येत नव्हते. नोव्हेंबर २००८ मधल्या पाचव्या आवृत्तीने अक्षरांची यादी सैल केली, आणि तेव्हापासून इंग्रजी सातने नाव सुरू होत नाही पण देवनागरी सातने होऊ शकते. जुन्या नियमांवर चालणारी सॉफ्टवेअर ते नाकारतील. तेव्हा ही सवलत घेऊ नये हेच बरे.

खरी मेख अक्षरांच्या साठवणीत आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ दोन प्रकारे टंकता येतो. एकात ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. एक्सएमएल वाचणारे यंत्र मात्र दिसणे पाहत नाही, आतले संकेत जुळवते, आणि त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत. त्यातून पाचव्या आवृत्तीपूर्वीच्या नियमांत ते अदृश्य चिन्ह नावात चालतच नव्हते. ‘ॲ’ चेही असेच. एक अक्षर म्हणून टंकलेला ‘ॲ’ आणि ‘अ’ वर चंद्र चढवून केलेला ‘अॅ’ हे दोन निराळे. आयडीत एक आणि संदर्भात दुसरा पडला, की डोळ्यांना अगदी बरोबर दिसणारा संदर्भ तुटतो आणि चूक शोधणारा हैराण होतो.

यावर तोडगा अवघड नाही. खुणांची नावे मराठीत, पण ओळखीची मूल्ये थोड्या ठरवलेल्या अक्षरांत. त्या अक्षरांची यादी स्कीमातच लिहून ठेवायची, ज्यात ऱ आणि ॲ येणारच नाहीत आणि अदृश्य चिन्हांना बंदी असेल. स्कीमात अक्षरांचा साचा ठरवण्याची सोय २००१ पासून आहे. तिचा उपयोग मराठी माहितीसाठी सर्वांत जास्त आहे.

गावाच्या ग्रंथालयाची यादी असो, शाळेच्या जुन्या नोंदवह्यांचे संगणकीकरण असो, जैवविविधता नोंदवही असो की सहकारी संस्थेचे सभासद, ज्यांच्या हाती असे काम येणार आहे त्यांना या पुस्तकाची विनंती आहे: पहिली नोंद भरण्याआधी एक पान लिहा. ओळख कशी बनेल, ती कोणत्या यादीतली, तिच्यात काय येणार नाही, जुनी ओळख कुठे साठवायची, आणि प्रत्येक संदर्भ कोणते नाते सांगतो. ते पान फाइलीसोबतच ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला तुम्हाला फोन करावा लागणार नाही.